लेखातली चित्रं: मजकुरात फक्त आयडी ठेवा

ज्या वेब ॲप्लिकेशनमध्ये लोक लेख लिहितात, तिथे चित्रांचा गोंधळ बहुधा एडिटरमध्येच सुरू होतो. चित्र पेस्ट केलं की ते बेस६४ (फाइलचे बाइट अक्षरांत लिहिण्याची पद्धत) होऊन थेट मजकुरात जाऊन बसतं. त्यात आकार साधारण ३३ टक्के वाढतो, म्हणजे ३ एमबीचा फोटो ४ एमबीचा मजकूर होतो. लेख उघडताना, सेव्ह करताना, त्याची जुनी आवृत्ती जपताना दर वेळी तो भार डेटाबेसवर पडतो, आणि ब्राउझरला ते चित्र वेगळं कॅशही करता येत नाही.

म्हणून पेस्ट आणि ड्रॅग-ड्रॉप दोन्ही एडिटरमध्ये अडवा. फाइल आधी अपलोड करा, सर्व्हरकडून त्या चित्राचा आयडी (ओळख क्रमांक) आला की मगच चित्र मजकुरात घाला. तोवर तिथे तात्पुरती चौकट दाखवा आणि ती असेपर्यंत सेव्ह थांबवा, नाहीतर अर्धवट चौकटच लेखात साठते.

मजकुरात पूर्ण यूआरएलसुद्धा नको. डोमेन बदललं किंवा स्टोरेज हलवलं की जुन्या लेखांतली सगळी चित्रं एकदम तुटतात. आयडी, ऑल्ट मजकूर (चित्र दिसत नसेल तेव्हा त्याऐवजी वाचला जाणारा) आणि कॅप्शन एवढंच तिथे ठेवा. ऑल्ट डेटाबेसमधल्या चित्रांच्या टेबलात न ठेवता लेखात ठेवण्याचं कारण असं, की तेच चित्र दोन लेखांत दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतं. टेबलात स्टोरेजमधली ‘की’ (फाइल जिथे आहे तो पत्ता), रुंदी, उंची, प्रकार, कोणी आणि केव्हा चढवलं, एवढं पुरतं.

अपलोड तपासताना एक्स्टेन्शनवर किंवा ब्राउझरने सांगितलेल्या प्रकारावर विसंबू नका. दोन्ही सहज खोटे देता येतात. फाइलचे सुरुवातीचे बाइट पाहा: जेपीईजी एफएफ डी८ एफएफ ने सुरू होते, पीएनजी ८९ ५० ४ई ४७ ने. एसव्हीजी या रेषाचित्रांच्या फाइलीत स्क्रिप्ट लपवता येते, त्यामुळे बाहेरच्या लोकांकडून ती न घेतलेलीच बरी. एमबीच्या मर्यादेबरोबर पिक्सेलची मर्यादाही हवीच. १०,००० बाय १०,००० पिक्सेलची एकरंगी पीएनजी डिस्कवर अगदी छोटी असते, पण उघडली की चार बाइट प्रति पिक्सेल धरून ४०० एमबी मेमरी खाते. रुंदी-उंची फक्त हेडरमधून वाचा आणि मर्यादेबाहेरची फाइल डीकोड न करताच परत पाठवा. आणि छोटे फोटो चढतात, मोठे ४१३ एरर (पाठवलेला डेटा मर्यादेपेक्षा मोठा) देतात, असं दिसलं तर कोडमध्ये शोधत बसू नका. ॲप्लिकेशनच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची मुळातली मर्यादा १ एमबी आहे, त्यातली क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ ही सेटिंग वाढवा.

फोनचे फोटो आडवे होण्याचं कारण एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलीतच साठवलेल्या माहितीत असतं. कॅमेरा पिक्सेल फिरवत नाही, ‘असं फिरवून दाखवा’ एवढी नोंद करतो. त्याच एक्झिफमध्ये जीपीएसचं ठिकाणही असू शकतं, त्यामुळे ते काढून टाकणं वाचकाच्या नव्हे, लेखकाच्या सुरक्षिततेसाठी गरजेचं आहे. क्रम मात्र चुकवू नका: आधी नोंदीप्रमाणे फिरवा, मग एक्झिफ काढा. रुंदी-उंची टेबलात लिहायची ती फिरवल्यानंतरची.

त्यानंतर ४८०, ८००, १२०० आणि १६०० पिक्सेल रुंदीच्या प्रती वेबपी या चित्रांच्या फॉरमॅटमध्ये बनवा. फोटोंना ७५ ते ८० क्वालिटी पुरते. मूळ चित्र ९०० पिक्सेलचं असेल तर १२०० ची प्रत बनवू नका, ताणून तपशील येत नाही. हे काम अपलोडच्या रिक्वेस्टमध्ये न करता बॅकग्राउंड जॉबमध्ये (मागे वेगळं चालणाऱ्या कामात) टाका. एक्झिफ काढलेली मूळ प्रत खासगी जागी जपून ठेवा, उद्या नवे आकार लागले तर तिच्यातूनच बनवायचे आहेत.

पान दाखवताना आयडीवरून इमेज टॅग तयार करा. त्या टॅगच्या एसआरसीसेटमध्ये (चित्राच्या प्रतींची यादी) सगळ्या प्रती द्या, पण साइझेस (पानावर चित्र किती रुंद दिसेल ते) विसरू नका; ते नसेल तर ब्राउझर चित्र पडद्याच्या पूर्ण रुंदीचं धरतो आणि ७२० पिक्सेलच्या रकान्यासाठी १६०० ची फाइल उतरवतो. विड्थ आणि हाइट लिहिल्या की जागा आधीच राखली जाते आणि वाचताना मजकूर उडी मारत नाही. सीएसएसमध्ये कमाल रुंदी १०० टक्के ठेवाल तिथे उंची ऑटो हवीच, नाहीतर चित्रं उभी ताणली जातात. लेझी लोडिंग (वाचक जवळ आल्यावरच चित्र उतरवणं) खालच्या चित्रांना द्या. वरच्या पहिल्या चित्राला दिलंत तर पान उलट उशिरा भरल्यासारखं वाटतं.

सर्वांत नाजूक काम सफाईचं. लेख सेव्ह होताना मजकुरातले आयडी वाचून लेख-चित्र जोडणीचं टेबल अद्ययावत करा. जोडणी संपली म्हणून चित्र लगेच पुसू नका: लेखक चित्र काढतो, सेव्ह करतो, मग अन्डू करतो आणि चित्र परत मागतो. मसुदे आणि जुन्या आवृत्त्याही जोडणीत मोजा. किमान २४ तास बेवारस राहिलेली चित्रंच रात्रीच्या जॉबने उचलावीत. पुसण्याआधी त्याने जोडणी पुन्हा एकदा तपासावी, आधी नोंदीवर ‘हटवलेलं’ अशी खूण करावी आणि मगच फाइल काढावी. उलटं केलंत आणि जॉब मध्येच बंद पडला, तर टेबल म्हणेल चित्र आहे आणि वाचकाला दिसेल ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’.