मालगुंडला केशवसुतांचं घर बघायचंय? असं जा

गणपतीपुळ्याला येणारे बरेच जण दर्शन, बीच, मोदक करून परत फिरतात आणि दोनेक किमीवरचं मालगुंड राहूनच जातं, तर तसं करू नका. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, 1866 मध्ये इथेच जन्मले, आणि ते घर कोकण मराठी साहित्य परिषदेने जपून 1994 ला स्मारक केलंय.

रेल्वेने आलात तर रत्नागिरीला उतरा, तिथून गणपतीपुळ्याची एसटी, पुढे रिक्षा. स्वतःची गाडी असेल तर आरे-वारेचाच रस्ता घ्या, वेळ जास्त लागला तरी चालेल कारण एका बाजूला सतत समुद्र दिसतो, फक्त पावसात जपून.

जाण्याआधी केशवसुतांची ‘तुतारी’ ही कविता एकदा वाचून घ्या प्लीज, नाहीतर पोरं म्हणतील हे तर आजीच्या गावासारखंच घर आहे, यात काय बघायचं (आमच्याकडे म्हणालीच). आधी घर निवांत बघा, मग बाकीचा परिसर. उन्हाळ्यात सकाळीच उरका, दुपारी घामाने हाल होतात. वेळ, सुट्टी फोन करून विचारा. आणि सेल्फीपुरतं नको, तासभर तरी ठेवा.