हुकूमशहाचं हस्तलिखित पत्र घेताय? आधी या चुका टाळा

नागपुरात जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं, मोडी कागद जमवणारे पुष्कळ आहेत. त्यातली तरुण मंडळी अलीकडे थेट हिटलर, मुसोलिनी, स्टालिन यांच्या हस्ताक्षरांकडे वळली आहेत. आधी काही वर्षं साधी कौटुंबिक पत्रं, दस्त, पावत्या हाताळाव्यात आणि मग इथवर यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण आता पहिलीच खरेदी हुकूमशहाच्या खासगी पत्राची असते. तो कागद घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि चुका त्याच त्या निघतात.

कागदाऐवजी गोष्ट विकत घेणं

सगळ्यात जास्त पैसे याच चुकीत बुडतात. धरमपेठेतला एक मुलगा संध्याकाळी आला. "काका, बयाणा देऊन झाला, बाकीचे उद्या भरून राहिलो. फक्त एकदा पाहून घ्या." हातात मुसोलिनीचं एका परिचित बाईला लिहिलेलं एक पानी पत्र. विकणाऱ्याची हकीकत अशी, की त्याचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर होते आणि तिथून त्यांनी ते आणलं. आजोबांचे नोकरीचे कागद सोबत होते, 'इटली स्टार' पदकही होतं, आणि दोन्ही अस्सल होते. भारतीय डिव्हिजन इटलीत लढल्या हे तर खरंच आहे. मुलगा तेवढ्यावरच विरघळला होता.

पत्र हातात घेताच तारीख नजरेत भरली. १२ डिसेंबर १९३९, आणि पुढे रोमन आकड्यात सतरा. फॅसिस्ट राजवटीची स्वतःची वर्षगणना होती. ती ऑक्टोबर १९२२ मधल्या रोमवरच्या मोर्चापासून धरायची आणि नवं वर्ष २९ ऑक्टोबरला लागायचं. म्हणजे डिसेंबर १९३९ मध्ये अठरावं वर्ष सुरू होतं. लिहिणाऱ्यानं १९३९ मधून १९२२ वजा करून सतरा टाकले होते. ज्याच्या राजवटीनं ही गणना चालवली, तोच माणूस नवं वर्ष लागून दीड महिना झाल्यावर जुना आकडा लिहील हे मला पटेना.

मग कोठीच्या खोलीचं दार लावून अतिनील टॉर्च मारला. कागद निळसर पांढरा लखलखला. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना टिनोपाल घालायचे ना, त्याच जातीचं रसायन कागदातही घालतात. कागदात ते सर्रास यायला लागलं १९५० च्या सुमाराला. मुसोलिनीला २८ एप्रिल १९४५ ला गोळ्या घातल्या. मुलाचे बाकीचे पैसे वाचले, बयाणा गेला.

खऱ्या घटनेच्या खुंटीला खोटा कागद टांगायची ही रीत जुनी आहे. हिटलरच्या बनावट डायऱ्याही अशाच खपवल्या. २१ एप्रिल १९४५ ला बर्लिनहून निघालेलं एक विमान बोर्नर्सडॉर्फजवळ खरोखर कोसळलं होतं. डायऱ्या त्या अवशेषातून निघाल्या, असं सांगितल्यावर 'श्टेर्न' या जर्मन साप्ताहिकानं त्यांच्यासाठी सुमारे ९३ लाख मार्क मोजले. म्हणून मी विकणाऱ्याची हकीकत शेवटी ऐकतो. आधी कागद, मग शाई, मग तारीख-मजकूर, आणि हे सगळं टिकलं तरच आजोबा. हकीकत ऐकल्यावर मात्र एकच विचारायचं: हे पत्र याआधी कुठल्या यादीत, लिलावाच्या पावतीत किंवा घरच्या दस्तात नोंदलेलं आहे का? आजोबांचं पदक ही आजोबांची नोंद झाली, पत्राची नव्हे.

टॉर्चबद्दल एक बजावून ठेवतो. कागद चमकला तर जुनेपणाचा दावा संपला. चमकला नाही म्हणून पत्र खरं ठरत नाही. जुन्या पुस्तकांची कोरी पानं फाडून त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. टॉर्च घेतला की आपण तज्ज्ञ झालो, असं समजणाऱ्यांना तेच लोक आधी गाठतात.

खोट्याला खोट्याशी ताडून पाहणं

ही चूक शिकलेले लोक जास्त करतात. विकणाऱ्यानंच दिलेला 'नमुना' समोर ठेवायचा, अक्षर जुळलं की खूश. 'श्टेर्न'च्या प्रकरणात नावाजलेल्या हस्ताक्षरतज्ज्ञांनी अनुकूल अहवाल दिले होते. पण तुलनेसाठी मिळालेल्या कागदांत, डायऱ्या लिहिणाऱ्या कोनराड कुयाऊ या भामट्यानंच बनवलेले कागद मिसळलेले होते. अक्षर जुळणारच, हात एकच होता. पुढे मे १९८३ मध्ये जर्मन संघीय अभिलेखागारानं कागद-धागा तपासला तेव्हा युद्धानंतरचा माल उघडा पडला. वहीवर चिकटवलेली आद्याक्षरंही ए-एच नव्हती, एफ-एच होती. इतकी ढोबळ चूक एवढ्या शहाण्यांच्या नजरेतून सुटली, कारण छापायची घाई होती. घाई करणाऱ्या नवख्यांना मी ही हकीकत दरवेळी पूर्ण ऐकवतो, कितीही कंटाळले तरी.

माझा नेम असा आहे की नमुना सरकारी अभिलेखागारातलाच घ्यायचा, आणि त्याच काळातला. माणसाचं अक्षर बदलतं. पहिल्या महायुद्धातला सैनिक हिटलर आणि १९४४ चा हिटलर यांच्या सह्या शेजारी ठेवून पाहा. सत्तेवर आल्यावर तो बहुतेक पत्रं सेक्रेटरींना तोंडी सांगायचा. त्यामुळे त्या काळातलं लांबलचक हस्तलिखित पत्र स्वस्तात समोर आलं तर तिथेच थांबायचं.

छापील सही

आभाराच्या आणि शुभेच्छांच्या कार्डांवर सही छापलेली असायची. भिंगाखाली खरी शाई तंतूत शिरलेली दिसते आणि रेघा छेदतात तिथे गडद होते.

चहाचा रंग

पिवळेपणा म्हणजे वय नव्हे. कुयाऊही चहाच ओतायचा.

हिटलरचं गांधीजींना उत्तर

वर्धा आपल्या शेजारी, म्हणून हे आमिष इथे फार चालतं. गांधीजींनी २३ जुलै १९३९ ला वर्ध्याचा पत्ता घालून हिटलरला लिहिलेलं पत्र टाइप केलेलं होतं आणि ब्रिटिश सरकारनं ते पुढे जाऊच दिलं नाही. त्याचं उत्तर कोणी विकायला काढलं तर भावही विचारू नका.

घरात आणल्यावर

लॅमिनेशन कधीही नाही, सेलोटेप नाही, गंजकी टाचणी नाही. आणि कूलर! मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लोक कूलरच्या थेट झोतासमोर कपाट ठेवतात. ती ओल कागदात शिरते, मग बुरशी, मग कसर. आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर, आम्लमुक्त कागदात आडवं ठेवा. फ्रेम करून बैठकीत टांगण्याला माझा दुहेरी विरोध आहे. उजेडानं शाई उडते, आणि ज्यानं लाखो माणसं मारली त्याला भिंतीवर मान द्यायचा नसतो. हे पत्र पुरावा म्हणून जपायचं.

परदेशात तपासायला पाठवणं

१९७२ च्या पुरावशेष कायद्यात ऐतिहासिक मोल असलेलं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित पुरावशेष ठरू शकतं, आणि पुरावशेष देशाबाहेर नेण्याची मुभा खासगी माणसाला नाही. म्हणून आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे लेखी विचारणा करा, तोवर पत्र घरातच राहू द्या. लंडनचा तज्ज्ञ मागत असेल तर त्याला भिंगातून काढलेले फोटो आणि कागदाची मापं पाठवा.