केअर होमच्या क्लॅडिंगचं काम काढताय? या चुका टाळा

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागली, ७२ जीव गेले, आणि क्लॅडिंग, म्हणजे इमारतीच्या भिंतीवर बाहेरून चढवलेलं आवरण, हा शब्द इंग्लंडमध्ये घरोघरी पोचला. तरीही केअर होमच्या, म्हणजे वृद्ध किंवा आजारी माणसांची काळजी घेणाऱ्या निवासाच्या, बाहेरच्या भिंतीचं काम निघालं की ते फ्लॅटच्या इमारतीच्या मापानेच मोजलं जातं. इथल्या रहिवाशाला स्वतः उठून जिना उतरता येईलच असं नाही. फायर कन्सल्टंटने विचार सुरू करायचा तो त्याच्या खाटेपासून.

"इमारत १८ मीटरपेक्षा कमी आहे, मग काळजी कसली?" हे वाक्य फार ऐकू येतं. डिसेंबर २०१८ पासून इंग्लंडमध्ये १८ मीटरवरच्या निवासी इमारतींच्या बाह्यभिंतीत ज्वलनशील साहित्य वापरायला बंदी आहे, आणि त्यात केअर होमही येतात. पण बरीच केअर होम दोन-तीन मजलीच असतात. बंदी लागू नाही म्हणजे वाटेल ते लावायची मुभा मिळाली असं नव्हे. बाहेरच्या भिंतीने आग पसरायला पुरेसा विरोध केला पाहिजे, ही बिल्डिंग रेग्युलेशन्सची अट बुटक्या इमारतीलाही आहे. आणि ईडब्ल्यूएस१ फॉर्मच्या मागे लागू नका. बाह्यभिंतीच्या तपासणीचा तो फॉर्म फ्लॅटवर कर्ज देणाऱ्यांच्या मूल्यांकनासाठी आहे.

सगळ्यात घातक चूक भिंतीच्या आत दडलेली असते. केअर होममध्ये आग लागली की सहसा सगळ्यांना एकदम बाहेर काढत नाहीत. आधी जळत्या कप्प्यातून (आग अडवणाऱ्या भिंतींनी वेगळा केलेला इमारतीचा भाग) त्याच मजल्यावरच्या शेजारच्या कप्प्यात हलवतात, कुणाला व्हीलचेअरवरून, कुणाला गादीसकट. सगळी मदार दोन कप्प्यांमधल्या भिंतीवर. ही भिंत बाहेरच्या भिंतीला भिडते तिथे क्लॅडिंगमागच्या पोकळीत उभा कॅव्हिटी बॅरिअर (पोकळीतून आग-धूर पसरू नये म्हणून बसवलेला अडसर) नसेल, तर आग आणि धूर पोकळीतून वळसा घालून, माणसं जिथे आणून ठेवली त्याच खोलीच्या खिडकीशी पोचतात. नकाशावर बॅरिअर असतोच. भिंत उघडली की दिसतं, पॅनेल धरणाऱ्या ब्रॅकेटभोवती कापताना तुकडा आखूड पडलाय, किंवा पॅनेलपर्यंत पोचलेलाच नाही. आडव्या बॅरिअरपुढे हवा खेळावी म्हणून फट ठेवतात आणि आगीच्या उष्णतेने फुगणारी पट्टी ती बंद करते. फट ठरल्यापेक्षा रुंद राहिली, की पट्टी फुगूनही उपयोग शून्य.

म्हणून भिंत उघडायची ती कप्प्यांच्या रेषेवर, खिडकीच्या चौकटीशी आणि मजल्याच्या पातळीवर. शिडी न लावता हात पोचतो तेवढाच तळमजल्याचा कोपरा पाहून लिहिलेला अहवाल स्वीकारू नका.

पुढची चूक खरेदीत होते. ठरलेलं इन्शुलेशन (उष्णता अडवणारा थर) मिळत नाही म्हणून कॉन्ट्रॅक्टर "तसंच दुसरं" आणतो. बीएस ८४१४ ही ब्रिटिश मानकाची आगीची चाचणी पॅनेल, इन्शुलेशन, बॅरिअर आणि ब्रॅकेट अशा संपूर्ण रचनेची असते. त्यातला एक घटक बदलला की तो निकाल आपल्या भिंतीला जसाच्या तसा लावता येत नाही. प्रत्येक बदल कन्सल्टंटकडून लेखी मान्य झाल्याशिवाय माल परांचीवर चढू देऊ नये.

आणि काम चालू असतानाचे महिने? त्यांचा विचार सर्वांत कमी होतो, याचं मला फार वाईट वाटतं. हाँगकाँगच्या वांग फुक कोर्ट या निवासी संकुलात २६ नोव्हेंबर २०२५ ला आग लागली तेव्हा इमारतींची बाहेरून दुरुस्तीच चालू होती. परांचीला जाळी होती, खिडक्यांवर फोमचे तक्ते होते. १५० हून अधिक माणसं दगावली. केअर होममध्ये तर रहिवासी आत असतानाच परांची उभी राहते. तिचा पाय संकटकालीन दारासमोर येतो, आगीच्या वेळी जमायच्या जागेवर राडारोड्याचा कंटेनर बसतो. धूळ जाऊ नये म्हणून स्मोक डिटेक्टरवर टोपी चढवतात आणि संध्याकाळी ती काढायची राहून जाते. टोप्या मोजून घ्या: सकाळी जितक्या चढवल्या तितक्या काम थांबताच उतरल्या पाहिजेत, आणि रात्रपाळीच्या प्रमुखाने त्यावर सही करावी. सुटकेचा आराखडा कामाच्या प्रत्येक टप्प्याला बदलावा आणि तो रात्रीच्या कमी मनुष्यबळावर आजमावून पाहावा. वेल्डिंगसारखं ज्वाळा किंवा ठिणग्यांचं काम शक्यतो टाळाच. टाळता येत नसेल तर परवाना हवा, आणि काम संपल्यावरही तिथे माणूस लक्ष ठेवायला हवा.

पॅनेल लावून भिंत बंद होण्याआधी प्रत्येक बॅरिअरचा जागेच्या नोंदीसह फोटो घ्या. बिल्डिंग रेग्युलेशन्सच्या नियम ३८ प्रमाणे काम संपल्यावर अग्निसुरक्षेची माहिती केअर होमच्या जबाबदार व्यक्तीकडे द्यावी लागते. हे फोटोही त्याच फायलीत जाऊ द्या, आणि जुनं फायर रिस्क असेसमेंट (आगीच्या धोक्याचं मूल्यमापन) नव्या भिंतीनुसार पुन्हा करून घ्या.