पायथनमधलं अलियासिंग: रेफरन्स, कॉपी, रीबाइंडिंग म्हणजे नेमकं काय

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत एका लिस्टमध्ये (म्हणजे व्हॅल्यूंच्या यादीत) काहीतरी टाकलं आणि भलतीच लिस्ट बदलली, असं झालं की बहुतेक वेळा अलियासिंगचाच, म्हणजे एकाच गोष्टीला दोन नावं असण्याचाच, घोळ असतो. पायथन 3 मध्ये व्हेरिएबलला देवनागरी नावं चालतात, त्यामुळे सरळ टाइप करून बघा:

मार्क = [40, 50]
नवे = मार्क

इथे लिस्ट एकच आहे. दुसऱ्या ओळीने कॉपी वगैरे काही होत नाही, फक्त त्याच ऑब्जेक्टला (म्हणजे मेमरीतल्या त्याच लिस्टला) अजून एक नाव लागतं. नाव लावणं म्हणजे बाइंडिंग, आणि एकाच ऑब्जेक्टला दोन नावं असली की ती एकमेकांची अलियास. आता नवे मध्ये 60 अपेंड करा आणि मार्क प्रिंट करा, तिथेही 60 दिसणार.

खरी गंमत पुढे आहे. नवे = नवे + [70] लिहिलं तर मार्कला धक्का लागत नाही, कारण उजवीकडे वेगळी लिस्ट तयार झाली आणि नवे हे नाव तिच्यावर गेलं, याला म्हणायचं रीबाइंडिंग. पण त्याऐवजी नवे += [70] लिहिलं असतं तर तीच लिस्ट जागच्या जागी बदलली असती, मार्कसकट, आणि हे झालं म्युटेशन. स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) आणि आकडे इम्युटेबल, म्हणजे जागच्या जागी न बदलणारे, त्यामुळे तिथे अलियास असला तरी काही बिघडत नाही.

सी प्लस प्लस या भाषेवरून आलेल्यांनी जरा सांभाळून, तिथल्या रेफरन्सला, म्हणजे व्हेरिएबलच्या दुसऱ्या नावाला, नवी व्हॅल्यू दिली की मूळ व्हेरिएबलच बदलतो, पायथनमध्ये तसं नाही, तिथे ते नाव फक्त नव्या ऑब्जेक्टवर जातं.

शंका आली तर आयडी (id) फंक्शन किंवा इज (is) ऑपरेटर वापरा. == फक्त व्हॅल्यू सारखी आहे का ते सांगतं, ऑब्जेक्ट तोच आहे का ते इज सांगतं. आकड्यांवर मात्र इज लावू नका, सीपायथन (पायथन चालवणारा नेहमीचा प्रोग्रॅम) -5 ते 256 हे पूर्णांक आधीच बनवून ठेवतो, त्यामुळे उत्तर फसवं येऊ शकतं.

वेगळी लिस्ट हवी असेल तर मार्क[:] पुरतं, पण ही शॅलो कॉपी, आतल्या लिस्ट अजून सामायिकच राहतात. त्याही वेगळ्या हव्या तर कॉपी मॉड्यूलमधलं डीपकॉपी.

आणि तक्ता = [[0] * 3] * 3 असं कुठे लिहिलेलं दिसलं तर आधी तेच बदला. तिन्ही ओळी म्हणजे एकच लिस्ट आहे, तक्ता[0][0] = 1 केलं की पहिला कॉलम अख्खा 1 होतो. तिथे लिस्ट कॉम्प्रिहेन्शन (चौकटी कंसातच फॉर लूप लिहून लिस्ट बनवणं) वापरा, प्रत्येक फेरीला नवी ओळ बनते.