सार्वजनिक धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात धोरण-टिपणी कशी लिहावी

सार्वजनिक धोरण किंवा शासन व्यवस्थापनात एम.ए. करणाऱ्यांना पहिल्याच सत्रात धोरण-टिपणी, म्हणजे एखाद्या प्रश्नावर काय करावं हे सुचवणारा छोटा मजकूर, लिहायला सांगतात आणि बहुतेक जण निबंध लिहून आणतात. निबंध शिक्षक वाचतात. टिपणी वाचणारा मात्र अधिकारी किंवा मंत्री असतो आणि त्याला निर्णय घ्यायचा असतो. म्हणून शिफारस पहिल्याच परिच्छेदात, तीन-चार वाक्यांत द्या: काय करावं, का करावं, खर्च किती आणि कधीपर्यंत ठरवायला हवं. वर प्रति, प्रेषक, दिनांक, विषय. एकूण दोन पानं. आकडेमोड परिशिष्टात.

सर्वाधिक गुण जातात ते समस्या मांडताना, कारण तिथेच उत्तर दडवलेलं असतं. ‘शाळांत संगणक नाहीत’ ही समस्या नाही. ती संगणक खरेदीची मागणी आहे. ‘पाचवीतल्या अमुक टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही’ असं लिहिलं, की शिक्षक प्रशिक्षण, वाचनाचे जादा तास, पुस्तकं असे सगळे मार्ग खुले राहतात. प्रश्न किती मोठा, कोणाला भोवतो आणि वाढतोय की घटतोय, हे एका परिच्छेदात बसलं पाहिजे.

पर्याय तीन पुरेत, आणि त्यांतला एक ‘आहे तसंच चालू ठेवणं’. तो नसेल तर बाकीच्यांची तुलना कशाशी करणार? दोन पर्याय मुद्दाम कच्चे ठेवून तिसरा निवडण्याची युक्ती परीक्षकाला लगेच कळते. मग तक्ता करा: आडव्या ओळींत पर्याय, उभ्या रकान्यांत परिणामकारकता, खर्च, समन्याय (फायदा-तोटा कोणाच्या वाट्याला किती), अंमलबजावणीची शक्यता. रकान्यांत ‘चांगलं’, ‘मध्यम’ लिहू नका, अंदाजी आकडा लिहा.

खर्चाचं गणित इथे हमखास चुकतं. समजा, १०,००० जणांना मोफत बस पास द्यायचा आहे आणि प्रत्येक पासचा खर्च ३०० रुपये आहे. एकूण ३० लाख. पण त्यांतले ७,००० जण आधीपासूनच बसने जात असतील, तर नवे प्रवासी फक्त ३,०००. म्हणजे एका नव्या प्रवाशामागे खर्च ३०० नव्हे, १,०००. नवे १,५००च निघाले तर २,०००. एवढ्यावरही शिफारस टिकते का, हे टिपणीतच सांगा. (हेतू प्रवासी वाढवणं नसून गरिबांचा खर्च वाचवणं असेल, तर हेच गणित वेगळं वाचावं लागेल. म्हणून हेतू आधी ठरवा.)

दुसऱ्या ठिकाणी योजना यशस्वी झाली, हा पुरावा वापरताना लाभार्थी कसे निवडले होते ते पाहा. स्वतःहून नाव नोंदवलेले लोक मुळातच जास्त उत्साही असतात. त्यांच्यातला फरक योजनेमुळेच पडला, असं म्हणता येत नाही.

अंमलबजावणीला शेवटच्या चार ओळी देणं नेहमीचं, पण तेवढ्याने भागत नाही. आदेश कोणाच्या सहीने निघेल, पैसा कोणत्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या सदरातून) येईल, किती माणसं लागतील, कोणत्या विभागाची हरकत येईल, ते लिहा. खर्च एका विभागाचा आणि फायदा दुसऱ्याचा असेल, तर फाइल तिथेच अडते. ‘जनजागृती करावी’, ‘समन्वय साधावा’ ही वाक्यं सरळ काटा. करणारा कोण आणि तारीख कोणती, हे सांगता येत असेल तरच ठेवा.

टिपणी लिहून झाल्यावर फक्त पहिला परिच्छेद विषय न माहीत असलेल्या एखाद्याला वाचायला द्या. नेमकं काय मंजूर करायचं आहे, हे त्याला सांगता आलं नाही, तर तो परिच्छेद पुन्हा लिहा.