अर्धशिशी, पित्त आणि एक वही

"पित्त झालंय, उलटी झाली की बरं वाटेल," असं आई म्हणायची आणि मीही वर्षानुवर्षं तेच मानलं. डावं कानशील ठणकायचं, उजेड सोसायचा नाही. ही अर्धशिशी, मळमळ तिचाच भाग, हे न्यूरॉलॉजिस्टांकडे गेल्यावर कळलं. त्यांनी वही ठेवायला लावली. तीन महिन्यांत दिसलं: चतुर्थीचा उपवास किंवा रविवारी उशिरापर्यंत झोप, की ठणका ठरलेला.

खरा धक्का गोळ्यांचा. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, अशी महिनोन्महिने घेतली, तर तिच्यामुळेच डोकं दुखायला लागू शकतं. माझे १८ दिवस भरत होते! डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या बंद केल्या. पहिला आठवडा फार वाईट गेला. आता अर्धशिशी उठूच नये म्हणून रोज प्रोप्रानोलॉल हे औषध घेते (दमा असेल तर ते चालत नाही). चतुर्थीला वेळेवर खाते.