करवंद लावताय? या चुका टाळा

मे महिन्यात आदिवासी बायका ठाण्याच्या बाजारात करवंदांच्या पाट्या घेऊन बसल्या, की सोसायटीत कुणीतरी विचारतंच, "काकू, हे गॅलरीत येईल का हो?" येतं. पण निम्मी झाडं लाडानं मरतात.

लाड म्हणजे रोजचं पाणी. माझं घोडबंदर रोडच्या घरातलं पहिलं झाड मी असंच घालवलं. रोज सकाळी तांब्याभर पाणी, फरशी खराब होऊ नये म्हणून कुंडीखाली बशी. पावसाळा लागला तरी बशी तिथेच. जुलैत पानं पिवळी पडली. खत कमी पडतंय समजून मी वर शेणखत घातलं. ऑगस्टमध्ये कुंडी उलटी केली, तर मुळं काळी पडून कुजलेली. करवंदीची जाळी वाढते सह्याद्रीच्या खडकाळ उतारांवर. तिथे कितीही कोसळलं तरी पाणी मुळाशी थांबत नाही. आता मी मातीत निम्मी जाड रेती आणि विटांचे तुकडे घालते. बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी. बशी जूनमध्येच उचलून माळ्यावर.

येऊरच्या जंगलातून रोप उपटून आणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. ते राष्ट्रीय उद्यान आहे. 1972च्या वन्यजीव कायद्यानुसार तो गुन्हा आहे. शिवाय खोल गेलेलं मूळ उपटताना तुटतं आणि रोप पंधरा दिवसांत वाळतं. त्यापेक्षा पिकलेली काळी करवंदं खा, बिया धुवा आणि त्याच आठवड्यात पेरा. डब्यात जपून ठेवलेलं बी उगवत नाही.

नर्सरीत मोठ्या पांढऱ्या फुलांचं, पिकल्यावरही लालच राहणाऱ्या फळांचं रोप "करवंद" म्हणून देतात. ती दक्षिण आफ्रिकेतली जात. आपलं करवंद पिकलं की काळंभोर होतं.

सावलीत फुलत नाही. दिवसाचं पाच-सहा तास ऊन हवंच.

छाटणी फळं संपल्यावर, जूनमध्ये. जानेवारीत कात्री चालवलीत तर फुलं येणारे शेंडेच जातात. काटे आणि चीक दोन्ही असतात, हातमोजे घाला.

आणि दुसऱ्याच वर्षी "अजून फूल नाही" म्हणून युरिया टाकू नका. नुसता पाला माजतो. बियांपासूनच्या झाडाला फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात. माझ्या आताच्या झाडाला चौथ्या वर्षी मार्चमध्ये पहिला बहर आला, आणि संध्याकाळी गॅलरीचं दार उघडलं की त्याचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा.